गरम पाण्याला निघालेल्या अक्का

“गिझर हाय की घरात.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राजारामपुरीतल्या त्या घराच्या जिन्यावर दुधाची पिशवी घेऊन उभी होते. खाली अक्कांचा मुलगा बूट घालत होता आणि अक्का खुर्चीत बसून त्याला कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांना कधी नेतोस असं विचारत होत्या. त्यानं मान वर न करताच उत्तर दिलं आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. माझा काही संबंध नव्हता. मी वरच्या खोलीतली भाडेकरू, लातूरकडून नोकरीसाठी आलेली, एका क्लासमध्ये गणित शिकवणारी. तरी मला त्या वाक्याचा जो राग आला तो आज इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही. घरात टीव्ही असताना हा माणूस दर दोन महिन्यांनी मित्रांबरोबर गोव्याला समुद्र बघायला जायचा.

अक्कांचं माहेर सीमेपलीकडचं, कन्नड बोलणारं लिंगायत घर. लग्न होऊन त्या कबनूरला आल्या आणि तीस वर्षं नवऱ्याच्या बरोबरीनं मागाच्या कारखान्यात उभ्या राहिल्या. चार माग होते. कांड्या भरायच्या, तुटलेला धागा जोडायचा, कामगार आला नाही तर स्वतः माग चालवायचा. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळे त्यांचा आवाज कायमचा तसाच झाला होता. त्या देवघरात पुटपुटल्या तरी समोरच्या दवाखान्यातले पेशंट वळून बघायचे. नवरा गेल्यावर मुलानं माग विकले, राजारामपुरीत घर घेतलं, स्वतःच्या नावावर केलं आणि आईला तळमजल्यावरची खोली दिली. मागानं अक्कांना दोन गोष्टी दिल्या होत्या, तो आवाज आणि दोन्ही निकामी गुडघे. घर मुलाचं, आवाज आणि गुडघे अक्कांचे.

मला त्या तंगी म्हणायच्या. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी त्यांच्या मुलापेक्षाही लहान होते, पण तंगीच. आणि इकडच्या बायका बोलतात तसं “मी जातो, मी बघतो” असं बोलायच्या. सुरुवातीला मला ते चुकीचं वाटायचं. पुढं पुढं वाटायला लागलं की त्यांच्या तोंडी “जाते” शोभलंच नसतं.

गरम पाण्याचं वेड त्यांना कुठून लागलं हे मी एकदा विचारलं होतं. कारखान्यात कोकणातून आलेली एक कांडीवाली होती, ती सांगायची की आमच्या गावाला जमिनीतून उकळतं पाणी येतं, बायका त्यात गळ्यापर्यंत बसतात आणि अंग हलकं होतं. अक्कांनी तेव्हाच ठरवलं होतं. कांडीवाली केव्हाच गावाला परत गेली, पण बेत तेवढा राहिला आणि वाढत गेला. एका कुंडाची चार कुंडं झाली. मग नुसतं कुंड नको, घाट बघत जायचं असं ठरलं. जुन्या कॅलेंडरचे कागद पाठीला पाठ चिकटवून त्यांनी चादरीएवढा नकाशा केला होता. त्यावर अणुस्कुरा घाटानं उतरायचं, राजापूरजवळचं कुंड करायचं, मग वर संगमेश्वरच्या बाजूची कुंडं, आणि देवरुख-साखरप्यावरून आंबा घाटानं घरी यायचं. मी म्हटलं, आंब्यानंच जाऊन आंब्यानंच का येत नाही, रस्ता चांगला आहे. तर म्हणाल्या, “गेलेल्या वाटंनंच माघारी यायला मी काय म्हस हाय?”

त्या दरी कुठल्या बाजूला दिसते याची चौकशी ट्रकवाल्यांकडं करायच्या. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कोकणातून चिऱ्याचे ट्रक यायचे. अक्का काठी टेकत तिथवर जायच्या आणि ड्रायव्हरला थांबवून घाटाचं एकेक वळण विचारायच्या. डावीकडं दरी असेल तिथं नकाशावर हिरवा ठिपका, उजवीकडं असेल तिथं लाल. सगळे ठिपके मोजून त्यांनी ठरवलं की उतरताना पुढच्या सीटवर बसायचं आणि चढताना मागं. ड्रायव्हर हसायचे, पण सांगायचे. एकानं तर गाडी बाजूला लावून त्यांना वळणं काढून दिली होती.

गाड्यांचंही तसंच. लग्नाला गेल्या की अक्षता टाकून झाल्यावर त्या मांडवाबाहेर जायच्या आणि पाहुण्यांच्या उभ्या गाड्यांत बसून बघायच्या. दार उघडं असलं की झालं. सीट खाली असली, गुडघा जास्त वाकायला लागला, की “बेडा” म्हणून उतरायच्या. बेडा म्हणजे नको. एकदा एका नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीत त्या बसलेल्या सापडल्या होत्या. मुलाची मान खाली गेली म्हणे. मला ते ऐकून आनंद झाला होता.

पण त्यांचा खरा जीव होता फोनमध्ये. मुलगा म्हणायचा, मोबाईलवर बोट लावलं की सगळा रस्ता दिसतो. अक्का म्हणायच्या, “त्या मोबाईलातल्या बाईला इचार पायऱ्या किती त्या.” पायऱ्या कुणीच सांगत नव्हतं. म्हणून त्या माझ्याकडून त्या त्या गावातल्या कुणाचाही नंबर काढून घ्यायच्या, चहाच्या टपरीचा, शाळेचा, जो मिळेल तो, आणि स्वतः फोन करायच्या. “पावणं, कोल्हापूरासनं बोलतोय. तुमच्या कुंडाच्या पायऱ्या जरा मोजून सांगता काय?” पलीकडचा म्हणायचा वीसएक असतील. “वीसएक न्हाय. वीस का एकवीस?” मग पायरी किती वीत उंच, धरायला कठडा आहे का, पाणी किती कढत, बायकांचं कुंड वेगळं आहे का, त्याला दार आहे का, दाराला आतून कडी आहे का. कडीचा प्रश्न त्या शेवटी आणि हळू विचारायच्या. म्हणजे त्यांच्या मानानं हळू. एवढी विचारपूस कुणी डॉक्टरनंही त्यांच्या गुडघ्यांची केली नसेल.

लोक त्यांना एकच विचारायचे, तिथं देव कुठला? कुंडाशेजारी देऊळ असतं हे अक्कांनाही ठाऊक होतं. पण त्या मुद्दाम म्हणायच्या की मी देवाला जात नाही. देव माझ्या गळ्यातल्या लिंगात हाय, त्याला भेटाय गाडी कशाला? मी पाण्याला जाणार हाय. हे ऐकून बायकांनासुद्धा कसंतरी व्हायचं. साठी ओलांडलेल्या बाईनं घराबाहेर पडायचं तर देवाचं, डॉक्टरचं, नाहीतर बारशाचं कारण पाहिजे. नुसतं बरं वाटावं म्हणून जायचं, घाट बघत जायचं, ही काय गोष्ट झाली? त्यांची सून सोडली तर घरात कुणी त्यांची बाजू घेत नव्हतं, आणि सून बोलतच नव्हती. ती बाई नवऱ्यासमोर पाण्याचा तांब्यासुद्धा आवाज न करता ठेवायची.

आता जे सांगणार आहे ते मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, कारण लिहितानाही डोकं तापतं.

एके वर्षी दसऱ्यानंतर मुलानं अक्कांकडं नकाशा मागितला. अक्कांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला होता. त्यांनी चादरीएवढा कागद पलंगावर पसरला, एकेक घाट, एकेक गाव, कुठं चहा चांगला, कुठं पेट्रोल नाही, सगळं समजावून सांगितलं. मुलानं मोबाईलमध्ये फोटो काढून घेतले. अक्कांनी दोन सुती लुगडी वेगळी काढून ठेवली, मला पंचा आणायला सांगितला. शनिवारी पहाटे दोन गाड्या दारात आल्या. मुलाचे मित्र होते, सगळे पुरुष. मुलगा बॅग घेऊन बाहेर पडला. अक्का तयार होऊन खुर्चीत बसल्या होत्या. तो म्हणाला, “अव्वा, तुला पायऱ्या जमायच्या न्हाईत. आम्ही बघून येतो, मग तुला नेतो.”

पायऱ्या. ज्या बाईनं फोनवरून एकेक पायरी मोजून घेतली होती, त्या बाईला हा पायऱ्या सांगत होता.

रविवारी सगळे परत आले. कुंडात बसलेले, हातात बाटल्या धरलेले, घाटात गाडीच्या टपावर चढलेले फोटो मुलानं अक्कांना एकेक करून दाखवले आणि म्हणाला, प्लॅन एक नंबर होता तुझा. अक्कांनी सगळे फोटो बघितले. मग एवढंच विचारलं की बायकांच्या कुंडाला कडी आहे का. त्यानं बघितलं नव्हतं.

त्या रात्रभर रडल्या असतील असं मला वाटलं होतं. सकाळी खाली गेले तर त्या नकाशावर शाईनं नवीन गाव लिहीत होत्या. मला म्हणाल्या की त्याच्या फोटोत मागं जो फाटा दिसला तो मी लिहिलेला नव्हता, तो आता घातला. मला त्यांच्या शांतपणाचाही राग आला. मी म्हटलं, अक्का, तुम्ही त्याला काही बोलला कसं नाही? त्यांनी उत्तर दिलं, “माझ्या पोटचा हाय त्यो. त्याच्या पोटची मी न्हाय.”

पुढच्या वर्षी मी जुनी गाडी घेतली. क्लासची दुसरी शाखा इचलकरंजीत निघाली होती, रोज जावं लागायचं. गाडी दारात लावली तशा अक्का बाहेर आल्या, पुढचं दार उघडून बसल्या, पाय लांब केले, दोनदा उतरून परत बसल्या. बेडा म्हणाल्या नाहीत. मग मी विचारलं. खरं तर मी विचारलं नाही, मीच म्हटलं की दिवाळीच्या आधीच्या शनिवारी निघायचं. मुलगा त्या दोन दिवसांत धंद्याच्या कामाला बाहेरगावी जाणार होता. त्याला सांगायला पाहिजे, असं मी एकदा म्हणून बघितलं. अक्कांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तीस वर्षं मागावर काढल्यामुळं त्यांना ती सोय होती. पहाटे सुनेनं भाकरी, चटणी आणि दह्याचा डबा गाडीत ठेवला आणि आत गेली.

अणुस्कुरा घाटात मी निम्मा वेळ रस्ता बघत होते आणि निम्मा वेळ अक्कांना. पाऊस नुकता संपलेला, डोंगर हिरवेगार, प्रत्येक वळणावर पाणी उतरत होतं. अक्का नकाशा मांडीवर घेऊन पुढचं वळण आधी सांगायच्या आणि ते तसंच निघालं की मान हलवायच्या, जणू ट्रकवाल्यांना पास करत होत्या. राजापूरजवळच्या कुंडाला गर्दी होती, तिथं पाय बुडवून आम्ही निघालो. खरा बेत दुसऱ्या दिवसाचा होता. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या बायकांना अजून तिथंच राहायचं आहे. फोनवरच्या माणसानं तिथं बायकांचं वेगळं कुंड आहे, सव्वीस पायऱ्या आहेत आणि कडी आहे असं सांगितलं होतं.

पायऱ्या सव्वीसच होत्या. अक्का एकेक करत, भिंतीला धरून उतरल्या. खाली सात-आठ बायका उभ्या होत्या. भातकापणी चालू होती, त्या तशाच शेतातून आल्या होत्या, हातात विळे, अंगाला भाताची कूस चिकटलेली. कापणीत त्या बारीक कुसळानं अंगाची आग होते आणि त्या पाण्यानं ती उतरते, म्हणून त्या आलेल्या. आणि बायकांच्या कुंडाच्या पत्र्याच्या दारावर पुरुषांच्या पँटी टांगलेल्या होत्या.

कुंडाची देखरेख करणारा माणूस जवळच होता. त्यानं सांगितलं की पुरुषांच्या कुंडात शेवाळ झालंय, म्हणून बाहेरच्या पाहुण्यांना इकडं बसवलंय, अर्ध्या तासात उठतील. मी बायकांना विचारलं, तुम्ही किती वेळ उभ्या आहात? एक म्हणाली, “दीड तास झाला असेल. रविवारी आमी येतच नाय. आज अंगाची लय आग झाली म्हनून आलो.” तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. बाहेरचे पाहुणे येतात म्हणून रविवारी यायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. त्यांच्या गावच्या, त्यांच्याच नावच्या कुंडावर. मी त्या माणसाशी भांडायला लागले. आवाज चढला आणि त्याचा काहीही उपयोग होत नव्हता. तो माझ्याकडं न बघता फक्त थोडं थांबा म्हणत होता.

अक्कांनी मला हातानं बाजूला केलं. काठीनं पत्र्यावर तीनदा मारलं आणि मागाच्या कारखान्यातला तो आवाज लावला. “आत कोन हाय त्यांनी भाईर या. आमी सगळ्या तोंड फिरवतोय. धा मोजतो.”

आतून कुणीतरी आजी, पाच मिनिटं असं म्हणाला. हसण्याचा आवाज आला. अक्कांनी बायकांना खूण केली. सगळ्याजणींनी विळे घेतलेल्या हातांनी पदर सारखे केले आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मीही राहिले. मग अक्का मोजायला लागल्या, कन्नडमध्ये. ओंदु. एरडु. मूरु. आतलं हसू थांबलं. आतल्यांना बहुधा ही काय भाषा आहे आणि दहाला काय होणार आहे हे कळेना. त्यांनी फटीतून विळेही बघितले असावेत. सहाव्या आकड्याला, आरु म्हणेपर्यंत, पत्र्याचं दार वाजलं. हत्तु म्हणजे दहा, तोवर शेवटच्याचे ओले पाय पायऱ्यांवर वाजत वर गेले होते. आमच्यापैकी एकीनंही मागं वळून बघितलं नाही. शब्द दिला होता तो पाळला.

दाराला कडी नव्हती. जिथं असायला पाहिजे तिथं दोन भोकं होती. अक्कांनी त्या माणसाला विचारलं, “फोनवर हाय म्हनालतासा की.” म्हणजे तो हाच माणूस. अक्का त्याच्यावर ओरडल्या नाहीत. बायकांना आत घेतलं, दार ओढून बाहेरून त्याला पाठ टेकवून पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, आंघोळ करा.

त्या बायकांची आंघोळ होईपर्यंत अक्का तशाच बसून होत्या. आत पाणी वाजत होतं, बायका एकमेकींच्या पाठी चोळत होत्या, हसत होत्या. मी बसते म्हटलं तर ऐकलं नाही. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाहेर आली, ओल्या केसांनीच दाराशी बसली आणि अक्कांना म्हणाली, आता तू जा.

मी त्यांना धरून आत नेलं. पाणी छातीपर्यंत होतं. अक्का लुगड्यासकट उतरल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी माझा हात सोडला. काठी बाहेर होती. पाण्यात वजन येत नाही, त्यामुळे गुडघ्यांवर भार नव्हता. त्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेल्या, वळल्या, परत आल्या. दोन मागांच्या मधल्या वाटेत बाई जशी चालते तशा. चार-पाच फेऱ्या झाल्यावर माझ्याकडं बघून, खरोखरच हळू आवाजात म्हणाल्या, “तंगी, दुखंना की काय.”

एवढ्यासाठी. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एका बाईला इतकी वर्षं, चादरीएवढा कागद, शंभर फोन आणि सात-आठ विळे लागावेत, याचा राग मी कुणावर काढायचा?

आम्ही आंबा घाटानं घरी पोचलो तेव्हा मुलगा एक दिवस आधीच परत आला होता. अक्कांना तो काही बोलला नाही. वर माझ्या खोलीत आला. कुणाला विचारून नेलं, तिला काही झालं असतं तर जबाबदारी कुणाची, असं म्हणाला. त्याचा दुसरा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हे मला आज कबूल करावं लागतं. तेव्हा मी कबूल केलं नाही. मी त्याला गिझरची आठवण करून दिली. त्यानं मला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. अक्कांना जिना चढता येत नव्हता. त्या खालच्या पायरीशी उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “खोली त्याची हाय, तंगी. माझी असती तर त्यालाच भाईर काढला असता.”

मी इचलकरंजीला राहायला गेले. अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं. भेटणं कमी होत गेलं, यात चूक माझीही आहे. दोन वर्षांनी पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. मला कळवलं ते सुनेनं, “आत्ती गेल्या” एवढंच म्हणून.

दिवसांच्या जेवणाला मी गेले. लिंगायतांच्या घरी त्या दिवशी गव्हाची गोड हुग्गी करतात. पंगत बसली होती, सून वाढत होती. मुलगा पाहुण्यांमध्ये उभा राहून आईबद्दल सांगत होता. चांगलं बोलत होता, त्याचे डोळेही ओले होते. मग तो म्हणाला की आईची एकच हौस होती, गरम पाण्याची, ती मी पुरी केली, घाटानं सगळी कुंडं फिरवून आणली तिला. पाहुणे माना हलवत होते, पुण्यवान पोरगा म्हणत होते.

माझा घास हातातच राहिला. बोलायचं होतं, पण मेलेल्या माणसाच्या घरात, पानावर बसून, परक्या बाईनं काय बोलायचं, हा विचार मध्ये आला. त्यासाठी मला स्वतःचाच राग आला आणि तो अजून आहे.

सून माझ्या पानाशी आली होती. वाकलेलीच राहून, हुग्गीचं भांडं हातात धरून, ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ह्यांनी न्हाय नेलं. आत्ती ह्या बाईंच्या गाडीतनं गेलत्या. डबा मी दिलता.”

मुलगा तिच्याकडं बघत राहिला. तिनं माझ्या पानात हुग्गी वाढली, मी हातानं नको म्हणत असताना आणखी डावभर वाढली, आणि पुढच्या पानाकडं गेली.